अविश्वासाचा साक्षीदार
रशियातील सामान्य मोटारचालकाने पुढच्या काचेमागे 'डॅशकॅम' हा छोटा कॅमेरा बसविला, तो हौसेखातर नव्हे. अपघातानंतर न्यायालयात शब्दाला शब्द भिडे. मुद्दाम मोटारीपुढे अंग टाकून भरपाई मागणारेही भेटत. चित्र मात्र उलटतपासणीला बधत नसे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी या साक्षीदाराने निराळीच साक्ष दिली. चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे २० मीटर व्यासाचा अशनी फुटला. हादऱ्याने खिडक्यांच्या काचा उडाल्या, सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. अनेक चित्रफितींतील दिशा व कोन जुळवून शास्त्रज्ञांनी त्याची वाट, एवढेच नव्हे तर सूर्याभोवतीची पूर्वीची कक्षाही निश्चित केली. शेजारच्या चालकावरचा अविश्वास खगोलशास्त्राच्या कामी यावा, हे नवलच! त्याचा एक मोठा तुकडा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चेबार्कुल सरोवराच्या तळातून वर काढण्यात आला.