मुक्यांचें अन्न आणि नत्राचें माप

कुत्र्या-मांजरांच्या अन्नाचा इतिहास हा गंभीर लेखनाचा विषय नव्हे, असें पुष्कळांस वाटण्याचा संभव आहे. राज्यें बुडालीं, तह झाले, ग्रंथ निघाले. त्यांपुढें मांजराच्या डब्याची ती काय कथा? परंतु २००७ व २००८ या दोन सालीं जें घडलें तें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे, मुक्या जनावराच्या थाळींत जें आज शिरतें तें उद्यां मुलाच्या वाटींत शिरण्यास फारसा अवकाश लागत नाहीं, असें दिसून येतें. म्हणून ही हकीगत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

पूर्वीं कुत्रें ज्या घरीं राही त्या घरचेंच उरलेलें अन्न खाई. त्याच्यासाठीं निराळा माल विकत आणण्याची कल्पना इंग्लंडांत १८६० च्या सुमारास रुजली. जेम्स स्प्रॅट नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें लंडनमध्यें कुत्र्यांसाठीं बिस्किटें विकण्यास आरंभ केला, आणि पाहतां पाहतां तो एक मोठा धंदा झाला. सोय झाली खरी. पण थाळींत काय आहे हें घरच्या माणसास ठाऊक असावयाचें तें आतां वेष्टणावरील अक्षरांवरून समजून घ्यावें लागूं लागलें.

या अक्षरांतील मुख्य आंकडा प्रथिनांचा असतो. तो काढण्याची जी रीत जगभर रूढ झाली, ती योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें १८८३ सालीं प्रसिद्ध केली. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बीअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत तो काम करीत असे, व धान्यांतील प्रथिनें मोजण्याची त्यास गरज होती. त्याची रीत प्रथिन मोजीत नाहीं, तर पदार्थांतील नत्र मोजते. प्रथिनांत सरासरीनें शेंकडा १६ भाग नत्र असल्यामुळें, मिळालेल्या नत्रास ६.२५ नें गुणिलें कीं प्रथिनांचा आंकडा निघतो. रीत सोपी, स्वस्त आणि खात्रीची. मात्र पदार्थ देणारा मनुष्य प्रामाणिक आहे, हें तिनें गृहीत धरलेलें आहे.

बशा व पत्रे करण्यासाठीं जें मेलॅमिन वापरतात, त्याच्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग नत्राचा असतो. म्हणजे तोळाभर मेलॅमिन पिठांत मिसळलें तर केल्डालच्या मापास तें चार तोळ्यांहून अधिक प्रथिन भासतें! दुधांत पाणी घालणारा गवळी ग्राहकाच्या डोळ्यांस फसवितो; येथें फसवणूक झाली ती मापाची. डोळ्याची फसवणूक कधीं तरी चाणाक्ष गृहिणीच्या लक्षांत येते. मापाची फसवणूक तिच्या लक्षांत यावी कशी?

२००७ च्या फेब्रुवारींत कॅनडांतील मेनू फूड्स या कंपनीकडे तक्रारी येऊं लागल्या. कंपनीनें अन्नाच्या परीक्षेसाठीं ठेवलेल्या जनावरांपैकींहि कांहीं दगावलीं. शेवटीं १६ मार्च रोजीं तिनें ६ कोटींहून अधिक डबे व पाकिटें बाजारांतून परत मागविलीं. महिनाअखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें मेलॅमिन सांपडल्याचें जाहीर केलें. त्याच्या जोडीस सायन्यूरिक आम्ल होतें; या दोहोंच्या संयोगानें मूत्रपिंडांत न विरघळणारे स्फटिक जमतात व तीं निकामी होतात. डब्यांतील रस्सा दाट व्हावा म्हणून गव्हाचें ग्लुटेन घालीत. तें चीनमधील झूझो येथून, अमेरिकेंतील एका आयात करणाऱ्या कंपनीमार्फत आलें होतें. वस्तुतः तें बव्हंशी साधें गव्हाचें पीठच होतें. ८०० टनांहून अधिक माल खोट्या वर्णनाखालीं, तपासणी चुकवून, चीनमधून बाहेर काढल्याचा आरोप अमेरिकन सरकारनें पुढें आरोपपत्रांत केला.

या प्रकरणांत दोन गोष्टी आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोग्या वाटतात. पहिली ही कीं, एकाच कारखान्यांतून स्वस्त व महाग अशा अनेक नांवांचे डबे निघत होते. अधिक किंमत मोजणाऱ्यास आपण अधिक सुरक्षितता विकत घेतली असें वाटे. प्रत्यक्षांत दोघांच्याहि डब्यांत तेंच पीठ होतें. दुसरी ही कीं, किती जनावरें मेलीं हें निश्चित सांगतां येत नाहीं. तक्रारी हजारोंनीं आल्या, पण सिद्ध झालेले मृत्यू थोडे; कारण जनावरांच्या मृत्यूची सरकारदरबारीं नोंदच नसते. ज्याची नोंद नाहीं त्याचा इशाराहि ऐकूं येत नाहीं. २००४ सालीं आशियांतील कांहीं देशांत कुत्र्यांची मूत्रपिंडें अशींच निकामी झालीं होतीं. तेव्हां दोष बुरशीच्या विषाकडे देऊन प्रकरण मिटलें. २००७ नंतर जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हां त्यांत तेच स्फटिक आढळले.

२००७ चा इशारा तरी ऐकला गेला काय? चीनमध्यें दुधांत पाणी घालून, उणें झालेलें प्रथिन मेलॅमिननें भरून दाखविण्याचा प्रकार चालूच होता. २००८ च्या सप्टेंबरांत सानलू कंपनीच्या दुधाच्या भुकटीचें प्रकरण उघडकीस आलें. सहा अर्भकें दगावलीं व सुमारें तीन लाख मुलें आजारी पडलीं. वर्षभरापूर्वीं मांजरांच्या बाबतींत जी युक्ति जगजाहीर झाली होती, तीच ही; बदलला तो केवळ खाणारा. यापुढें मात्र शासनास विलंब लागला नाहीं. २००९ सालीं चीननें दोघांस देहदंड दिला. त्या मानानें अमेरिकेंत ग्लुटेन आणविणाऱ्या कंपनीस व तिच्या मालकांस २०१० सालीं झालेली शिक्षा अगदींच सौम्य, दंड व देखरेख एवढीच होती.

हिंदुस्थाननें २००८ च्या सप्टेंबरांतच चिनी दुधाच्या आयातीस बंदी केली, हें योग्यच झालें. परंतु परकीयांस नांवें ठेवून आपली सुटका होत नाहीं. आपल्याकडेहि दुधांत युरिया मिसळल्याचे प्रकार वेळोवेळीं पकडले गेले आहेत; युरियांतहि नत्रच भरपूर, आणि ठकविण्याचें तत्त्वहि तेंच. अमेरिकेनें २०११ च्या जानेवारींत नवा कायदा करून, माल आणविणाऱ्यानेंच परदेशी पुरवठादाराची खात्री करून घ्यावी असें ठरविलें, आणि त्यांत जनावरांच्या अन्नाचाहि समावेश केला. आमच्या मतें हाच खरा धडा होय. माप कितीहि सूक्ष्म असलें तरी, तें काय मोजतें हें जाणणारा लबाड त्यास चुकवितोच. म्हणून मापाबरोबर जबाबदार माणूसहि ठरलेला असावा लागतो. आणि ही जबाबदारी मुक्या जनावराच्या थाळीपासूनच मोजावयास हवी. त्यास तक्रार करितां येत नाहीं. तान्ह्या मुलासहि ती येत नाहीं.