संगणकाचा मॉनिटर : जोडणी, दोषनिदान आणि हाताळणी

संगणकातील माहिती चित्र व अक्षररूपाने दाखविणारे उपकरण. सोलापुरात ते कार्यालये व महाविद्यालये यांच्याप्रमाणेच यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांतही वापरात असून, तेथील उन्हाळा, थ्री-फेज वीज आणि मागांवरून उडणारी कापसाची तंतुधूळ यांमुळे त्याची निगा उत्पादकाच्या पुस्तिकेपेक्षा थोडी अधिक काळजीने घ्यावी लागते.

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड यंत्रणेने विणली जाते. जोझेफ मारी जकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रणेत ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे हे छिद्रे पाडलेले पुठ्ठे ठरवीत, आणि छिद्रित पत्त्यांची हीच कल्पना पुढे आरंभीच्या संगणकांनी स्वीकारली. पूर्वी आलेख-कागदावर एकेक चौकट रंगवून होणारे नक्षीकाम आता पडद्यावर होते. तेथे एक चौकट म्हणजे ताण्याच्या व बाण्याच्या धाग्यांचा एक छेद असल्याने पडद्यावरील प्रमाण बिघडणे महागात पडते. प्रत्येक सपाट मॉनिटरला स्वतःची ठरावीक बिंदुसंख्या, म्हणजे रिझोल्यूशन, असते (उदा., १९२० × १०८०). संगणकात त्याऐवजी ४:३ प्रमाणाची बिंदुसंख्या ठेवली गेल्यास चित्र आडवे ताणले जाते, वर्तुळ लंबगोल दिसते, आणि नक्षीकाराने ते ‘सुधारले’ तर पडद्यावरचा दोष कापडावर उतरतो. नवा मॉनिटर लावल्यावर पडद्यावर एक चौरस काढून त्याच्या दोन्ही बाजू फूटपट्टीने मोजणे ही यावरील सर्वांत सोपी खात्री होय.

जोडणीचे प्रकार कालक्रमाने वाढत गेले. १९८७ मध्ये आलेली १५ पिनांची व्हीजीए जोडणी जुन्या संगणकांवर अद्याप आढळते. त्यानंतर १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ मध्ये एचडीएमआय, २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट आणि २०१४ मध्ये यूएसबी-सी यांची मानके प्रसिद्ध झाली. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू हाताने आवळावेत. डिस्प्लेपोर्टच्या अनेक केबलींना खटका असतो, तो दाबल्याशिवाय केबल ओढल्यास सॉकेट उखडते. यूएसबी-सीचे प्रत्येक सॉकेट चित्रसंकेत देतेच असे नाही, हे खरेदीपूर्वी तपासावे.

जोडणीत सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट अर्थिंगची आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली असल्यास किंवा भिंतीतील सॉकेटला अर्थिंगच नसल्यास संगणकाच्या पॉवर सप्लायमधील गाळणी-कपॅसिटरांमुळे त्याच्या धातूच्या पेटीवर मुख्य दाबाच्या निम्म्यापर्यंत दाब येऊ शकतो. केबलीच्या धातूच्या कडेला बोट लागताच झिणझिण्या येतात त्या यामुळेच. अशा स्थितीत चालू संगणकाला एचडीएमआय केबल लावताना सूक्ष्म ठिणगी पडून दोन्हीकडील पोर्ट निकामी होऊ शकते. म्हणून अर्थिंगची खात्री नसेल तेथे दोन्ही उपकरणांचे प्लग काढूनच केबल लावावी, आणि वायरमनकडून अर्थिंग करून घेणे हाच त्यावरील खरा उपाय मानावा. बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्ट दाब सहज पेलतात, त्यामुळे दाब थोडा उतरल्याने फारसे बिघडत नाही. कारखान्याच्या थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल सुटली तर मात्र कमी भाराच्या फेजवरील दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो, आणि दाब वाढताच पुरवठा तोडणारे उपकरण नसल्यास त्या फेजवरील सारी विद्युत उपकरणे जळण्याचा धोका असतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवणे श्रेयस्कर.

दोषनिदानाचा क्रम बाहेरून आत असावा. पडदा काळा असून दिवाही लागत नसेल तर बोर्डाचे बटन, वायर व सॉकेट पाहावे. ‘नो सिग्नल’ अशी सूचना येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, संकेत मात्र पोहोचत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात केबल मदरबोर्डच्या सॉकेटात लावली गेली असणे हे त्याचे नेहमीचे कारण. व्हीजीएवर चित्र पिवळे दिसत असल्यास निळ्या रंगाची पिन वाकलेली वा तुटलेली असण्याचा संभव असतो. पडद्यावर रेघा उमटत असतील तर मॉनिटरच्या बटनाने त्याचा स्वतःचा मेनू उघडावा : मेनू स्वच्छ दिसल्यास दोष केबलीत किंवा संगणकात असतो, मेनूवरही रेघा असल्यास पॅनेलमध्ये, आणि पॅनेल बदलणे बहुधा नव्या मॉनिटरच्या किमतीजवळ जाते. काळ्या पडद्यावर बॅटरीचा झोत तिरपा टाकल्यावर पुसट चित्र दिसले, तर पडद्यामागील प्रकाशयोजना बंद पडली आहे असे समजावे.

बऱ्याच मॉनिटरच्या पुस्तिकांत वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान ती ओलांडते. तंतुधूळ मागच्या झरोक्यांवर जाड थर धरून आतली उष्णता कोंडते, तर पावसाळ्यात तीच ओल शोषून आतल्या विद्युत मंडलावर गळतीची वाट करून देते. त्यामुळे मॉनिटर भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा, आणि झरोके मऊ ब्रशाने, प्लग काढून, नियमित झाडावेत. पडद्यासाठी किंचित ओलसर केलेले मऊ, बिनगाठीचे कापड पुरते. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव पडद्यावरील लेप खराब करतात, आणि कोणताही द्रव थेट फवारू नये. दुचाकीवरून नेताना मॉनिटर उभा धरावा, पडद्याला बोटांचा दाब लागू देऊ नये. भिंतीवर टांगताना पुस्तिकेत सांगितलेल्या लांबीचाच स्क्रू वापरावा. जास्त लांब स्क्रू आतल्या भागाला टेकून बिघाड करतो.

जुना, जाड पाठीचा नळीचा मॉनिटर कोणीही स्वतः उघडू नये. त्याच्या चित्रनळीवर २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो, वीज काढल्यावरही भार उरतो, आणि निर्वात नळी फुटल्यास काचेचे तुकडे जोरात उडतात. त्या काचेत शिसे, तर जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो, म्हणून असा मॉनिटर भंगारवाल्याकडे फोडावयास देणे आरोग्यास घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये निकामी मॉनिटरच्या शास्त्रीय पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर असून, असा मॉनिटर नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच पोहोचणे अपेक्षित आहे.