नमुन्याचा आकार ठरवणारे सॉफ्टवेअर

प्रयोगाआधीच किती निरीक्षणे घ्यावी लागतील, हे कसोटीच्या शक्तीवरून काढून देणारे सॉफ्टवेअर. शक्ती, म्हणजेच ‘पॉवर’: फरक खरोखर असेल तर तो कसोटीत सापडण्याची संभाव्यता. नेमन आणि पिअर्सन यांच्या सिद्धान्तातली ही कल्पना जेकब कोहेन यांच्या १९६९च्या ग्रंथामुळे रुळली. किमान ८० टक्के शक्तीचा संकेतही मुख्यतः त्यांचाच. जर्मनीत तयार झालेले ‘जी-पॉवर’ मोफत मिळते, ‘आर’ या संगणकभाषेत ‘पीडब्ल्यूआर’ हे पॅकेज आहे.

फरकाचे प्रमाण, सार्थकता पातळी, शक्ती आणि नमुन्याचा आकार यांपैकी तीन गोष्टी दिल्या की चौथी निघते. पिंपळगाव बसवंतला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कांदा व द्राक्ष संशोधन केंद्र आहे. समजा, तिथे कांद्याच्या दोन वाणांची तुलना करायची आहे आणि प्लॉटचे हेक्टरी उत्पादन ३० क्विंटल प्रमाण विचलनाने वरखाली होते. २४ क्विंटलचा फरक ५ टक्के पातळीवर, दुतर्फा टी-कसोटीने, ८० टक्के शक्तीने पकडायचा तर प्रत्येक वाणाचे २६ प्लॉट लागतात. शक्ती ९० टक्के हवी तर ३४. फरक १२ क्विंटलचाच असेल, तर ८० टक्के शक्तीलाही थेट १००. फरक निम्मा झाला की प्लॉट जवळजवळ चौपट होतात, आणि तेवढी जमीन व मजूर क्वचितच हाताशी असतात. म्हणून शेतीत प्लॉट वाढवण्याआधी सारख्या जमिनीचे गट पाडून विचलन कमी करतात.

खरी अडचण ३० हा आकडा आणायचा कुठून, ही. तो त्याच हंगामाच्या जुन्या चाचण्यांतून घ्यावा लागतो. पावसात रोपांची मर आणि करपा यांमुळे खरिपाचे प्लॉट एकमेकांपासून फार दुरावू शकतात; त्यांचा हिशेब उन्हाळी कांद्याच्या आकड्यांवर बेतला, तर नमुना तोकडा पडण्याचा धोका असतो.

द्राक्षात चूक वेगळी होते. एकाच वेलीचे दहा घड म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. फवारणी वेलीवर झाली असेल तर मोजायच्या त्या वेली. साध्या कसोटीच्या चौकटीत घडांची संख्या भरली, तर सॉफ्टवेअर ती मुकाट्याने स्वीकारते.

प्रयोग संपल्यावर, मिळालेल्या फरकावरूनच शक्ती काढण्याची पद्धतही आढळते. होनिग आणि हायसी यांनी २००१मध्ये दाखवले की अशी शक्ती पी-मूल्यावरूनच ठरते, नवी माहिती काहीच देत नाही.