रुळांकडे तोंड करून

आमच्या घरात माथेरानच्या सहलीचे अकरा फोटो आहेत. मे २००५ चे, रोलवाल्या कॅमेऱ्याचे. मिनी ट्रेनच्या खिडकीतून बाहेर काढलेलं माझं डोकं, आईच्या हातातलं कणीस, बाबांच्या खांद्यावरून चिक्कीच्या पुड्याकडे बघणारं माकड. रूळ मात्र कुठेच नाहीत. एका फोटोत बाबांच्या चपलेशेजारी वीतभर दिसतात, तेवढेच.

त्यानंतर दोन महिन्यांनी २६ जुलै आला. त्या दिवसाच्या मुंबईबद्दल आपण अजून बोलतो. पण त्याच पावसाने नेरळहून वर जाणाऱ्या या लाइनचीही वाताहत केली. रुळांखालची जमीन वाहून गेली, दरडी आल्या. लाइन पुन्हा उभी राहिली ती २००७ मध्ये, तिच्या शताब्दीच्या वर्षात. म्हणजे आम्ही ज्या रुळांवरून गेलो होतो त्यांचा मोठा भाग नंतर राहिलाच नाही, आणि आमच्याकडे पुरावा म्हणून काय, तर ती चप्पल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी त्याच गाडीच्या इंजिनावर कॅमेरा लावला, त्याला कारण हे फोटो. ड्रायव्हरला पुढे जे दिसतं ते नेरळपासून माथेरानपर्यंत, न कापता, पूर्ण २१ किलोमीटर रेकॉर्ड करायचं होतं. परवानगीला वेळ लागला. शेवटी कॅमेरा लावायला हरकत नाही, पण तुम्ही इंजिनात बसायचं नाही, असं ठरलं. त्यामुळे ‘ड्रायव्हरच्या नजरेतून’ असं नाव दिलेला हा व्हिडिओ चित्रित होत असताना मी पहिल्या डब्यात बसून इंजिनाची पाठ बघत होते.

अशी चित्रं काढायची हौस सिनेमाइतकीच जुनी आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या, त्यातल्या एकीत स्टेशनात शिरणारी गाडी होती. तिथे कॅमेरा फलाटावर होता आणि गाडी आपल्या अंगावर येत होती. वर्षभरातच अमेरिकेत कोणीतरी उलटा विचार केला आणि कॅमेरा थेट इंजिनाच्या नाकावर चढवला. हॅव्हरस्ट्रॉच्या बोगद्यात शिरणारी १८९७ ची ती फिल्म गाजली आणि या प्रकाराला ‘फँटम राइड’ म्हणू लागले. भुताची सवारी! पडद्यावर इंजिन दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाही, तरी आपण पुढे सरकत राहतो, म्हणून भुताची.

१८९९ मध्ये इंग्लंडमध्ये जी. ए. स्मिथने यात एक गंमत घातली. बोगद्याच्या अंधारात एक जोडपं चुंबन घेतं, असा छोटासा प्रसंग त्याने सेटवर चित्रित केला. जोडपं म्हणजे तो स्वतः आणि त्याची बायको लॉरा बेली. सेसिल हेपवर्थच्या फँटम राइडमध्ये गाडी बोगद्यात असते तिथे हा तुकडा जोडून दाखवायचा, अशी कल्पना. दोन वेगळी चित्रं जोडून एक गोष्ट सांगायच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत ही फिल्म गणली जाते. आणि माथेरानच्या लाइनवर एकुलता एक बोगदा आहे, त्याचं नाव काय? वन किस टनेल. एक चुंबन घेण्यापुरताच अंधार, म्हणून. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण माझ्या व्हिडिओत तो बोगदा येतो तेव्हा कॅमेऱ्याने उजेड-अंधाराचा मेळ घालेपर्यंत गाडी बाहेर पडलेली असते, हे बघून मला स्मिथ नवराबायको आठवतात.

या जुन्या फिल्म्समधली मला सर्वांत आवडणारी मात्र रेल्वेची नाही, ट्रामची आहे. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माइल्स बंधूंनी केबल कारच्या पुढे कॅमेरा लावून मार्केट स्ट्रीट चित्रित केला. बराच काळ ही फिल्म १९०५ ची समजली जायची. डेव्हिड कीन नावाच्या इतिहासकाराने रस्त्यावरची डबकी पाहिली, त्या दिवसांतल्या पावसाच्या नोंदी काढल्या, मोटारींच्या नंबरप्लेट तपासल्या. फिल्म एप्रिल १९०६ ची निघाली. १८ एप्रिलच्या भूकंपात आणि आगीत तो रस्ता उद्ध्वस्त झाला, त्याच्या जेमतेम काही दिवस आधीची. डबकं चित्रित करायचं म्हणून कोणी कॅमेरा लावला नव्हता. तारीख सापडली ती डबक्यामुळेच.

त्यामुळे मी ठरवलं होतं, सुंदर काही नको. सगळं हवं.

सगळं मिळत नाही, हे घरी येऊन व्हिडिओ लावल्यावर कळलं. पहिली गोष्ट म्हणजे चढ. ही लाइन नेरळपासून साडेसातशे मीटरच्या आसपास वर चढते. सर्वांत कठीण ठिकाणी चढ वीसास एक आहे. वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ झाला. आणि व्हिडिओत? सपाट. कारण कॅमेरा इंजिनाला बांधलेला. इंजिन जितकं वाकडं होतं तितकाच तोही होतो. रूळ फ्रेममध्ये होते तिथेच राहतात. अडीच तासांच्या आसपासचा प्रवास, दातदुखीसारखं कण्हत चढणारं इंजिन, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई बागेत फिरायला निघाल्यात.

दुसरी गोष्ट वळणं. हल्लीच्या कॅमेऱ्यांत हादरे काढून टाकायची सोय असते. मी ती चालू ठेवली होती. पण या लाइनवर काही वळणं इतकी आवळलेली आहेत की कॅमेऱ्याला वळणसुद्धा हादराच वाटतो. तो ते गुळगुळीत करायला जातो, मग हार मानतो आणि चित्र एकदम बाजूला सरकतं. आणि वळण हीच तर या लाइनची खरी करामत आहे. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून १९०४ ते १९०७ या काळात ही लाइन झाली. खर्च सोळा लाख रुपयांच्या आसपास. २२ मार्च १९०७ ला ती सुरू झाली. डोंगर चढणाऱ्या काही रेल्वेंवर गाडी पुढे नेऊन थांबवतात आणि मग उलटी मागे घेत वर चढवतात. इथे ते टाळलं आहे. त्याऐवजी घोड्याच्या नालेसारखा भराव घालून गाडी सबंधच्या सबंध फिरवली आहे. रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणून हे जमलं.

पण रूळ वळले तरी इंजिनाने वळायला हवं ना? जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीकडून आलेल्या चार वाफेच्या इंजिनांमध्ये पुढचा आणि मागचा आस वळणावर थोडा सरकू शकेल अशी क्लीन-लिंडनर रचना होती. त्यांच्या आराखड्याशी एव्हरार्ड कॅलथ्रॉपचं नाव जोडलं जातं. आपली बार्शी लाइट रेल्वे उभी करणारा तोच, आणि पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवायच्या मागे लागलेलाही तोच. (माणसं उतारावरून सुखरूप खाली यावीत, हा ध्यास असावा.) त्या चारांपैकी ७४० नंबरचं इंजिन आज इंग्लंडमध्ये आहे. म्हणजे १९०७ ची वळणं इथे, आणि त्या वळणांसाठी सरकणारे आस तिथे.

हादरे काढायची सोय बंद करून मी आठवड्याने पुन्हा गेले. दुसरा व्हिडिओ बघवत नाही इतका थरथरतो. पण खरा आहे.

तो थांबवून थांबवून बघताना ‘पुनरुज्जीवित’ म्हणजे काय ते जरा दिसायला लागतं. २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरले, गाडी बंद झाली. २०१९ च्या पावसात लाइन पुन्हा उखडली आणि नेरळपासूनची गाडी थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. या प्रत्येक वेळचं काम फ्रेममध्ये आहे. जाळीत भरलेल्या दगडांच्या नव्या भिंती, दरीच्या बाजूचे लोखंडी कठडे. आणि त्यांच्या खाली मध्येच, काळ्या दगडाचं हाताने रचलेलं जुनं बांधकाम. वर जाऊ तसा काळा दगड संपतो, जांभा सुरू होतो आणि कॅमेरा गोंधळून सगळी फ्रेमच तांबूस करून टाकतो.

या व्हिडिओचा चार मिनिटांचा तुकडा संगीत लावून मी मित्रमैत्रिणींना पाठवला. तो फिरत फिरत नेरळच्या एका निवृत्त काकांपर्यंत पोचला. या गाडीवर ते ब्रेकवाले होते. डब्यांना हवेचे ब्रेक बसायच्या आधी प्रत्येक डब्यावर एक माणूस असायचा. ड्रायव्हर शिट्टी देणार, आणि हे हाताने ब्रेकचं चाक फिरवून आपला डबा आवरणार. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मोबाइल हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आवाज कुठं गेला?”

मूळ व्हिडिओ लावला. तो ते बघत नव्हतेच, ऐकत होते. इंजिनाचा सूर जड झाला की बोट वर करायचे. “इथं चढ लागला.” जो चढ मला दिसत नव्हता तो आवाजात सबंध होता. बोगदा आला आणि गेला, त्यांनी मानही हलवली नाही. एका मोरीपाशी मात्र थांबवायला सांगितलं. “ही नवी. जुनी हिच्या अलीकडं होती. पावसात गेली.” मी स्क्रीनशॉट काढला.

मग म्हणाले, “चढतानाचं काय बघायचं, ताई? चढताना इंजिन काम करतं. उतरताना आम्ही करायचो. उतरतानाचं काढलंत का?”

नव्हतं काढलं. आणि आता काढलं तरी त्यात त्या शिट्ट्या नसणार, चाकावरचे हात नसणार. गप्प बसून काय करायचं, म्हणून मी सहज व्हिडिओ उलटा चालवून दाखवला. गाडी मागे मागे जाऊ लागली; रूळ, कठडे, झाडं आमच्यापासून लांब, वर निघाली. मला तो पोरखेळ वाटत होता. काका पुढे सरकून बसले.

“हे बरोबर,” ते म्हणाले. “माझा डबा शेवटचा असायचा. मागं तोंड करून उभा राहिलो की असंच दिसायचं.”

चहा आला, निवला. काकांचा उजवा हात मांडीवर होता आणि काही काही ठिकाणी तो आपोआप फिरत होता. कधी अर्धा फेरा, कधी दोन. कुठे झटकन उलटा. मी विचारलं, इथे किती? त्यांनी सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ते सांगायच्या आत मी घड्याळातली वेळ बघितली. मग बॅगेतून वही काढली आणि व्हिडिओ पुन्हा माथेरानपासून लावला.

पहिली नोंद अशी आहे: ३ मिनिटं १२ सेकंद, लहान शिट्टी, एक फेरा. नेरळला पोचेपर्यंत सहा पानं झाली. दोन ठिकाणी काका म्हणाले, इथं आठवत नाही. तिथे जागा मोकळी सोडली आहे.