पाव पडलेली विहीर

आजीला जन्मतारीख विचारली की ती बाप्तिस्म्याची सांगायची. जन्म सुईणीनं पाहिला, बाप्तिस्मा पाद्रीनं वहीत लिहिला. मग सरकारी कागदावर कुठली तारीख लावायची, हा तिच्या लेखी प्रश्नच नव्हता. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आम्हा सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी घरांमध्ये असं वय मोजणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ होत्या. 1918 ची साथ ओसरल्यावर काही वर्षांनी ती जन्मली. 2009 ची महानगरपालिका आणि 2014 चा पालघर जिल्हा, दोन्ही तिनं पाहिले. सांगायला बसली की मात्र विषय एकच, रहाट.

रहाटावर बैल हाकायचं काम पोरांकडे असे. बैल गोल फिरतो, गाडग्यांची माळ विहिरीत उतरते, भरून वर येते आणि पन्हळीत रिती होते. तिथून पाटानं पाणी पानवेलीला, केळीला, वांग्या-मिरच्यांना. बैल थांबला की पाट आटतो आणि लांबून बापाची हाक येते. म्हणून पोरीनं मागं चालत राहायचं. चालता चालता आजी रोजरी म्हणायची. या जपमाळेची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे, झाली की वांग्यांची एक ओळ भिजून व्हायची, असं ती छातीठोकपणे सांगे. मला यात थोडी अतिशयोक्ती वाटते, पण तिच्या बापाला घड्याळाची गरज भासली नाही हे खरं.

देवळात तेव्हा मिसा लॅटिनमध्ये. तिला उत्तरं तोंडपाठ, अर्थाचा पत्ता नाही. 1965 साली रोमची दुसरी व्हॅटिकन परिषद आटोपली आणि पुढं उपासना मराठीत आली. सगळ्यांना आनंद झाला, हिला नाही. लॅटिन म्हणताना मन वाडीत फिरून यायचं, आता प्रत्येक शब्द कळतो, पळवाट उरली नाही, अशी तिची तक्रार. इतकी प्रामाणिक कबुली मी दुसऱ्या कुठल्या भाविकाकडून ऐकलेली नाही.

आपण ख्रिस्ती कसे झालो, याची तिची गोष्ट विहिरीतच घडायची. फिरंग्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी सगळे ते पाणी प्याले आणि बाटले. ही कथा वसईत घरोघरी आहे, गोव्यातही आहे. कागदपत्रांतला इतिहास याहून संथ आहे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली, पाठोपाठ आंतोनियु दु पोर्तूसारखे फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले, जेझुइट आले. दबाव, आमिष, शिक्षण, श्रद्धा हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. एका रात्रीच्या पावानं ते उरकत नाही. तरी मला आजीची गोष्ट टाकून द्यावीशी वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरी आयुष्याला कलाटणी मिळायची तर ती पाण्यातूनच मिळणार, हा तिचा हिशेब त्यात आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, देवळांच्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराला पोचल्या. माणसं आणि विहिरी जागच्या जागी राहिल्या. शेजारचे सामवेदी ब्राह्मण तीच कादोडी बोली बोलत राहिले. निर्मळच्या जत्रेला दोन्हीकडची माणसं जात राहिली.

त्या कार्तिकातल्या जत्रेसाठी आजी सुकेळी करायची. राजेळी केळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात घालायची, दुपारी एकेक उलटायची, दव पडायच्या आत उचलून घरात. रंग मधासारखा झाला की वाळक्या केळपानात घट्ट बांधायची. आभाळ भरून आलं तर सगळा घाणा फुकट. अशा दिवशी ती सांत मारियाला नवस करायची आणि सोबत ताडपत्रीही काढून ठेवायची.

ऐंशीच्या दशकात इमारती आल्या आणि त्यांच्यासाठी टँकर. पश्चिमेच्या विहिरींतून पाणी उपसून नेऊ लागले. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, गोडं पाणी ओढलं की खारं आत शिरतं. केळीची पानं कडेनं करपायला लागली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा आजी लाल लुगडं नेसून मोर्चात गेली. पुढं 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तोवर ती थकली होती. तिच्या लेखी ते टँकर अडवणारे फादरच. मोर्चात रोजरी चालते का, असं तिला कुणीतरी विचारलं होतं. रहाटावर चालते तर मोर्चात का नाही, हे तिचं उत्तर.

टँकर थांबले, पुन्हा सुरू झाले, बावखलं, म्हणजे वाड्यांमधली तळी, बुजवून त्यांवर बंगले उठले. आमचं बावखल वाचलं ते तिच्या हट्टामुळं. एक दलाल भाव घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला चहा पाजला आणि विहिरीत पाव पडलाय, चालेल ना, असं गंभीर चेहऱ्यानं विचारलं. तो बिचारा महापालिकेत तक्रार करा म्हणाला.

अलीकडं पिण्याचं पाणी सूर्या धरणातून नळानं येतं. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं, तरी आजी शेवटपर्यंत तेच प्यायची. डॉक्टरांनी बजावल्यावर उकळून प्यायला लागली, आणि उकळलेल्या पाण्याला चव नसते म्हणून आम्हालाच बोलायची.