मिरजेचं मिशन हॉस्पिटल आणि आजीची कळशी

आमच्या बेळगावच्या जुन्या घरांत "मिरजेला नेलंय" एवढं म्हटलं की पुढचं कळायचं. दुखणं अवघड आहे आणि पेशंट मिशन हॉस्पिटलात आहे. गाडी थेट, त्यामुळे इकडची माणसं पुण्या-मुंबईपेक्षा मिरज गाठायची.

हे हॉस्पिटल उभं केलं डॉ. विल्यम वॉनलेस यांनी. माणूस मूळचा कॅनडाचा, जन्म १८६५. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ला आले, १८९४ला मिरजेत हॉस्पिटल सुरू झालं, तीन वर्षांनी मेडिकल स्कूलही. पुढे सरकारने त्यांना 'सर' केलं. क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम त्यांच्याच नावाचं. वानलेसवाडी हे नाव आजही आहे.

आमची आजी १९५८ साली तिथे मोतीबिंदूसाठी गेली. सोबत आत्या आणि सात-आठ वर्षांचा मी. आजी सोवळ्यातली. पिण्याचं पाणी घरच्या तांब्याच्या कळशीतलंच, स्वयंपाक आत्या बाहेर करायची. तेव्हा ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. संध्याकाळी वॉर्डात मराठीतून प्रार्थना व्हायची. आजी आपली पुटपुटत रामरक्षा म्हणायची. कुणी हरकत घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या स्वयंपाकाला गेलेली, कळशी रिकामी. आजीला ठसका लागला. ड्यूटीवरची सिस्टर मराठीच, ख्रिस्ती. तिने आधी विचारलं, "आजी, आमचं पाणी चालेल का?" आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "दे बाई." सिस्टरने चमच्या-चमच्याने पाजलं.

मी बँकेत आयुष्य घालवलं, बिल आधी बघतो. वडिलांनी पूर्ण पैसे भरले. शेजारच्या कॉटवरचा शेतकरी मात्र काही न भरता घरी गेला, आणि दोघांची सेवा एकच होती. मंडळी, काहीजण म्हणतात हा सगळा धर्मांतराचा डाव. ते लोक धर्म सांगायलाच आले होते, लपवून ठेवलं नव्हतं; प्रार्थना रोजची होतीच. पण आजीला "तू आमच्यात ये" असं कुणी म्हटलं नाही, आणि पाण्याआधी तिची परवानगी घेतली. हेही तितकंच खरं.

घरी आल्यावर आजीने पाण्याचं कुणाला सांगितलं नाही. आत्यालाही कळलं ते पुष्कळ उशिरा. कळशी मात्र परत आलीच नाही. निघताना आजीने ती सिस्टरला देऊन टाकली होती.