लेकरू सांभाळणं: पुण्यापासून पगारापर्यंत

दसरा-दिवाळी उलटली की आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात. मागं लेकरं राहतात आजीजवळ, मावशीजवळ, कधी शेजारणीजवळ. कुणाचा बाप गेलेला असतो, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते. ही लेकरं कुणीतरी बाई सांभाळतेच. तिला विचारलं, तुम्ही काय काम करता? ती म्हणते, काही नाही, घरीच असते. या ‘काही नाही’चा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

पूर्वी मूल नसलं की दत्तक घेत, पण बहुतेक मुलगाच आणि तोही भाऊबंदकीतला. वंश चालावा, वतन टिकावं, हा हेतू. लेकराला घर मिळावं हा विचार त्यात मागं पडायचा. तो विचार पुढं आणला पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी. 1863 मध्ये त्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी ती सोय होती. 1884 मध्ये जोतिरावांनी लिहून ठेवलं आहे की तोवर 35 विधवा तिथं बाळंत झाल्या. त्यांची फक्त 5 मुलं जगली. बाकीची 30 दगावली, कारण गरोदरपण लपवण्यासाठी त्या बायांनी आधीच विषारी औषधं घेतलेली असावीत, असं त्यांनी लिहिलं. दार उघडून भागत नाही, बाईच्या मनातली भीती आधी जावी लागते, हे हा आकडा सांगतो.

अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. तो पुढं डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये मायलेकांनी रोग्यांची सेवा केली. आजारी मुलाला उचलून आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या.

फुल्यांच्या मागोमाग 1875 मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. ही सगळी कामं दानावर आणि माणसाच्या जिद्दीवर चालली. माणूस थकला की काम थकायचं.

कायदा आला 1924 मध्ये, मुंबई बाल कायदा. अनाथ, भटकणाऱ्या मुलांची जबाबदारी सरकारचीही आहे, हे त्यात कबूल झालं. पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा कायदा आपल्या हद्दीत चालत नव्हता. 1948 मध्ये मराठवाडा मुक्त झाला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. सगळ्या राज्यांना सारखा असा बाल न्याय कायदा यायला मात्र 1986 उजाडलं. तो 2000 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये नव्यानं लिहिला गेला.

दत्तकाचा कायदाही बदलला. 1956 पासून हिंदू कुटुंबात मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि विधवेला स्वतःच्या नावानं मूल घेता येऊ लागलं. आज आपल्या छत्रपती संभाजीनगरात ‘साकार’सारखी संस्था कायदेशीर दत्तकाचं काम करते. दवाखान्यातून किंवा ओळखीतून मूल परस्पर देणं-घेणं हा आज गुन्हा आहे, हे गटात सगळ्यांना सांगा.

या कामाचं शिक्षणही उभं राहिलं. 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याची देशातली पहिली शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. 1986 पासून तिची एक शाखा आपल्या तुळजापुरात आहे. याच संस्थेतून 1996 मध्ये 1098 ही मुलांची मदतवाहिनी सुरू झाली. हा नंबर आजही फुकट लागतो.

मग 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आला. एका पहाटेत शेकडो लेकरं पोरकी झाली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1200 मुलांना शिकायला पुण्याला नेलं. लातूरला एसओएस बालग्राम उभं राहिलं. तिथं एकेका घरात एक आई आणि तिच्याजवळ काही लेकरं. लेकरू सांभाळणं ही पगाराची नोकरी असू शकते, हे मराठवाड्यानं तिथं पाहिलं.

2015 च्या कायद्याचं म्हणणं आहे की मूल शक्यतो घरातच वाढावं, संस्था हा शेवटचा उपाय. त्यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाईंच्याच नावानं. महिन्याला 425 रुपये मिळायचे, ते 1100 झाले आणि 2023 पासून 2250. अनाथ, एक पालक असलेलं, किंवा आईबाप गंभीर आजारी असलेलं मूल यात बसतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्यायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. दुसरी वाट प्रतिपालकत्वाची. नात्यात नसलेलं मूलही काही काळ घरी ठेवता येतं. 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 35 ते 60 वयाची एकटी बाईही, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, त्यासाठी पुढं येऊ शकते.

आता नोकरीचं बोलू. बालगृहात गृहमाता आणि काळजीवाहक लागतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात क्षेत्रकार्यकर्ते, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते असतात. वरच्या जागांना समाजकार्याची किंवा तशी पदवी लागते. बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत निदान एक बाई असायलाच हवी. बारावी झालेल्या मुलीनं समाजकार्याच्या पदवीचा विचार जरूर करावा. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, मानधन कमी आणि उशिरा येतं, हेही ऐकून ठेवा.

शिक्षण नसलं तरी एक जागा आपल्या दारात आहे. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असावी लागते. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. पुष्कळ गावांत ती कागदावरच असते. पुढच्या ग्रामसभेत विचारा, समितीची बैठक कधी झाली? गावात किती लेकरं आईबापाविना आहेत, त्यांतल्या किती जणांचा बालसंगोपनाचा अर्ज भरला?

सावित्रीबाईंनी दार उघडलं तेव्हा मागं कायदा नव्हता, पैसा नव्हता, पदवी नव्हती. आज तिन्ही आहे, पण ज्या आजीच्या पदराखाली लेकरू झोपतं तिला त्याचा पत्ता नाही. तिच्यापर्यंत तो पोचवणं हे आपल्या गटाचं काम आहे. येत्या बैठकीत आपल्या गल्लीतल्या अशा लेकरांची यादी करा, आणि पहिला अर्ज त्या आजीबरोबर बसून भरा.